शब्द थांबला तिथं डॉक्टरांचा हात थांबला

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला, तेव्हा माझ्या बायकोनं, सुरेखानं, पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढं ओढली. मी मात्र मागं सरकलो. पडद्यावर माझ्या मेंदूचं चित्र होतं. डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर, एक डाग. कडा पांढरी, मधोमध काळं.

"ही गाठ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एमआरआयवरून हाय ग्रेड ग्लायोमा वाटतोय."

ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून तयार होणारी गाठ. हाय ग्रेड म्हणजे वेगानं वाढणारी. नक्की नाव तुकडा तपासल्यावरच कळणार होतं. हे सगळं त्यांनी घाई न करता सांगितलं.

मी विचारलं, "किती दिवस हायत माझ्याकडं?"

त्या म्हणाल्या, "आज मला ते माहीत नाही. माहीत नसताना आकडा सांगितला, तर तुम्ही तोच धरून बसाल."

मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला दिलेली ती पहिली चांगली गोष्ट होती.

तुमच्या घरात कुणाला हा आजार निघाला असेल, तर आमचं काय झालं ते तुम्हाला उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. आणि जत्रांच्या दिवसांत गावोगावच्या कुस्ती मैदानांवर माइक हातात घेऊन निवेदन करतो. सांगली-साताऱ्याकडं कुस्ती जेवढी बघतात तेवढीच ऐकतात. पैलवानानं डाव टाकायच्या आत निवेदकाच्या तोंडून शब्द निघाला पाहिजे, तर मैदान उठतं. हे काम मी वीस-बावीस वर्षं करत होतो.

आजाराची पहिली खूण मला मैदानावरच मिळाली. तासगावच्या बाजूला एक जत्रा होती. खाली एका पोरानं समोरच्याचा पाय धरून त्याला खेचलं. त्या डावाला पट म्हणतात. दुसरी-तिसरीतल्या पोरालाही माहीत असलेला शब्द. माझ्या डोळ्यांसमोर डाव होता, तोंडात शब्द नव्हता. मी म्हणालो, "त्यानं काढला... ते... पायाचं..." लोक हसले. मीही हसलो. उन्हाचा त्रास झाला असेल म्हणून लिंबूपाणी प्यालो.

मग सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागलं. दहा वाजेपर्यंत थांबायचं. जेवताना उजव्या हातातला घास सांडायचा. सुरेखा म्हणायची, डॉक्टरकडं चला. मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. शेवटी एके दिवशी कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा पिताना मला फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा रिक्षात होतो आणि सोबतचा माणूस माझं नाव विचारत होता. मला ते सांगता येत नव्हतं.

सांगायचा मुद्दा, आधी कधीही फिट न आलेल्या मोठ्या माणसाला अचानक फिट आली, किंवा येणारे शब्द जायला लागले, तर लिंबूपाणी पिऊन घरी जाऊ नका.

तपासणीनंतर फिट येऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड. स्टिरॉइडनं चमत्कार झाल्यासारखं वाटलं. डोकं दुखायचं थांबलं, शब्द बरेचसे परत आले. भूक तर एवढी लागायची की सुरेखा भाकऱ्या थापताना दमायची. चेहरा सुजला, चिडचिड वाढली, साखर वाढली. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ही औषधाची करामत आहे, गाठ आहे तिथंच आहे.

पुढच्या भेटीत त्यांनी मला विचित्र प्रश्न विचारले. अंघोळ स्वतः करता का? जिना चढता का? कपड्यांची बटणं लावता येतात का? मला वाटलं, माणूस मरायला टेकलाय आणि या बटणांचं विचारतात. त्यांनी समजावलं. याला परफॉर्मन्स स्टेटस म्हणतात, म्हणजे उपचार सुरू होताना रुग्ण स्वतःचं किती करू शकतो ते. या आजारात पुढं किती काळ मिळेल हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यातली ही एक. दुसरी वय. तिसरी गाठ कुठं आहे आणि तिचा किती भाग सुरक्षितपणे काढता येतो. चौथी, गाठीच्या पेशींचा स्वभाव, तो प्रयोगशाळेत कळतो. आणि उपचार पूर्ण होतात की मध्येच सुटतात, हेही.

"तुमचं वय पन्नाशीच्या आत आहे, तब्येत धट्टीकट्टी आहे, हे चांगलं," त्या म्हणाल्या. "पण जागा अवघड आहे. बोलण्याचा भाग अगदी शेजारी आहे."

म्हणून त्यांनी अवेक क्रेनिऑटॉमी सुचवली. कवटी उघडून गाठ काढायची, पण मधल्या वेळात रुग्णाला जागं ठेवायचं आणि बोलतं ठेवायचं. जिथं बोलणं अडखळेल, तिथं थांबायचं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, हे मला तेव्हा समजलं.

"म्हंजे समदी गाठ निघणार न्हाई?" सुरेखानं विचारलं.

"निघेल तेवढी काढू. पण बोलण्याच्या भागात घुसलेली असेल, तर तेवढी ठेवावी लागेल."

"आणि न्हाई थांबलं तर?"

"तर थोडी जास्त निघेल. पण यांचं बोलणं कदाचित जाईल, आणि ज्याचं बोलणं-चालणं जातं त्याला पुढचे उपचार झेपत नाहीत. त्यामुळं जास्त काढलं म्हणजे जास्त जगलं, असं सरळ गणित नाही."

घरी आल्यावर आमच्यात भांडण झालं. आमची मुलगी रेवती साताऱ्याला कॉलेजात शिकते, ती आली होती. ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मी म्हणत होतो, बोलणं गेलं तर मी कशाला राहू? सुरेखा पीठ मळत होती. तिनं परात बाजूला सारली.

"तुमी मुकं झालासा तरी चालंल मला. समोर बसल्यालं दिसलं पायजे. बोलायचं काय, मी बोलीन दोघांचं."

"तुला चालंल गं. मला न्हाई चालायचं."

"मग माझं काय हुतंय ते कोण बगणार?"

दोन दिवस आम्ही मीठ वाढ, पाणी दे एवढंच बोललो. मग तिनंच स्कूटर काढली आणि एकटी डॉक्टरबाईंना भेटून आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आल्यावर म्हणाली, "त्या म्हणत्यात तसंच करूया. तुमचं बोलणंबी तब्येतीतच धरत्यात म्हणं." तिनं स्वतःचं म्हणणं माझ्यासाठी सोडलं नव्हतं. तिला ते पटलं होतं, आणि मला त्यानंच धीर आला.

ऑपरेशनच्या आधी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याची तपासणी आणि सराव करून घेणाऱ्या मॅडम आल्या. पुण्याकडच्या, वयानं लहान. त्या चित्रं दाखवायच्या आणि मी नाव सांगायचं. ऑपरेशनमध्येही हीच चित्रं येणार होती. मी पटापट सांगत गेलो. "ही म्हस हाय. ही कुराड हाय. ह्या शेंगा हायत." मॅडमचा चेहरा पडत चालला. त्यांनी सुरेखाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांचे शब्द असे अर्धवट कधीपासून येतात?"

सुरेखा पदर तोंडाला लावून हसायला लागली. कित्येक आठवड्यांत ती हसली नव्हती.

"आवं मॅडम, आमच्यात असंच म्हणत्यात. त्यांनी म्हैस म्हणलं, तर समजा कायतरी बिघाडलंय."

मॅडमही हसल्या. मग मात्र त्यांनी सुरेखाला शेजारी बसवून घेतलं, आणि माझं नेहमीचं बोलणं कसं असतं, कुठला शब्द मी कसा म्हणतो, ते सगळं समजून घेतलं. तुमच्या माणसाचं असं ऑपरेशन ठरलं, तर हे नक्की करा. तो घरी कसा बोलतो ते डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर त्याची भाषाच आजारात धरली जाईल.

ऑपरेशनच्या दिवशी सुरुवातीला मला झोपवलं. जागा झालो तेव्हा डोकं घट्ट धरून ठेवलेलं होतं, वरती निळं कापड होतं आणि मॅडमचा चेहरा माझ्यासमोर होता. दुखत नव्हतं. मागून डॉक्टरबाईंचा आवाज येत होता, जशी बाई स्वयंपाकघरातून बोलत असावी तसा.

चित्रं सुरू झाली. छत्री, कात्री, म्हस. बराच वेळ सगळं नीट चाललं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता चित्रं पुरे. एक कुस्ती लावा आम्हाला."

मी कापडाखाली पडून कुस्ती लावली. माइक नाही, हलगी नाही, घसा कोरडा. "सलामी झडली! खडाखडी सुरू झालीय मंडळी! लाल लांगेच्या पैलवानानं पट काढला, कब्जा घेतला, आता खाली घेतोय, आता लावतोय घु... घु..."

घुटना म्हणायचं होतं. मानेवर गुडघा रोवून धरायचा डाव. तो मला स्पष्ट दिसत होता. पण तोंडाची कुणी दोरी ओढून धरल्यासारखं झालं. मी मॅडमकडं बघत राहिलो. त्यांनी मान हलवली आणि शांतपणे म्हणाल्या, "थांबलं."

डॉक्टरबाईंनी लगेच सांगितलं, "हात काढला. घाबरू नका. थांबू आपण."

तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मग शब्द आपोआप आला. मी ओरडलोच, "घुटना!" खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या जागेला आता हात लावायचा नाही." गाठीचा एक लहान तुकडा तिथं राहिला. बाकीची, डोळ्यांना दिसेल तेवढी, निघाली.

तुकड्याचा रिपोर्ट आला. ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार. मेंदूच्या गाठींमधली सगळ्यात आक्रमक. सुरेखानं खाली बघितलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "इथं एक चांगली बातमी आहे. एमजीएमटी मिथायलेटेड आहे." एमजीएमटी हा पेशीतला दुरुस्ती करणारा जीन. औषधानं गाठीच्या पेशींचं नुकसान केलं की तो ते दुरुस्त करत बसतो. माझ्या गाठीत तो बंद पडलेला होता. त्यामुळं औषध लागू पडण्याची शक्यता जास्त.

"म्हंजे दुकान फोडलं, तर दुरुस्त करणारा गवंडीच रजेवर हाय," मी म्हणालो.

"अगदी," त्या म्हणाल्या. "पण त्यानं आजार बरा होतो असं समजू नका. वेळ मिळतो. तो कमी-जास्त असू शकतो."

मग रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार. सुटीचे वार सोडले तर रोज जायचं, दीडेक महिना. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून डोकं टेबलाला पक्कं करतात. पहिल्या दिवशी गुदमरल्यासारखं झालं, नंतर सवय झाली. सोबत केमो, म्हणजे गाठीच्या पेशी मारणाऱ्या औषधाच्या, टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल, रिकाम्या पोटी. त्याआधी मळमळ थांबवायची गोळी. केस एका बाजूचे गेले. थकवा असा यायचा की चप्पल घालताना मध्ये बसावं लागायचं.

एका पाहुण्यानं कुठलीशी पूड आणून दिली. डॉक्टरबाईंना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून सुरेखानं ती फडताळात वर ठेवली. दाखवल्यावर डॉक्टरबाई नको म्हणाल्या. केमोच्या काळात लिव्हरवर आणि रक्तपेशींवर आधीच ताण असतो. पाहुणे नाराज झाले. होऊ दिलं.

रेडिएशनच्या वेटिंग रूममध्ये मला सुभेदार काका भेटले. सैन्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटलेला, सत्तरीचे, पाटणच्या वरच्या डोंगरातले. उपचारापुरते काकींना घेऊन सांगलीत लेकीकडं राहिले होते. त्यांनाही तोच आजार, तेच नाव. पण त्यांची गाठ खोल होती. काढता येत नव्हती, सुईनं तपासणीपुरता तुकडा तेवढा घेतला होता. वयामुळं त्यांचा किरणांचा कोर्स माझ्याहून लहान होता.

"गड्या, पाठ सरळ ठेव," ते मला म्हणायचे. "आजारपणात वाकून बसलं की आजाराला वाटतं, ह्यो आपलाच हाय."

ते रोज सकाळी कृष्णाकाठी फिरून यायचे. एक गोळी चुकवली नाही, एक दिवस बुडवला नाही. मी कुरकुर करत जायचो, ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. आमच्या दोघांत शिस्त कुणाची, जिद्द कुणाची, असं कुणी विचारलं असतं, तर मी त्यांच्याकडं बोट दाखवलं असतं.

त्यांचा कोर्स संपला आणि ते गावी गेले. आम्ही फोनवर बोलायचो. पुढं त्यांचे शब्द कमी होत गेले. मग फोन काकी घ्यायला लागल्या. पाऊस संपता संपता ते गेले. तेव्हा माझ्या किरणांनंतरच्या, दर महिन्याला घ्यायच्या केमोच्या फेऱ्या चालू होत्या आणि रक्तातल्या पेशी खाली आल्या होत्या. गर्दीत जायला बंदी होती. मी घरी बसून राहिलो.

माझे स्कॅन मात्र एकामागून एक स्थिर येत गेले. गाठीचा राहिलेला तुकडा होता तेवढाच. फेऱ्या संपल्या. मी अर्धा दिवस कामावर जायला लागलो. गाडी चालवायची नाही, म्हणून सुरेखा मला सोडते. एका छोट्या मैदानावर खुर्चीत बसून थोडं निवेदनही केलं. नावं कधीकधी उशिरा येतात. लोक थांबतात.

पण एक गोष्ट आत टोचत होती. मी एकदा डॉक्टरबाईंना सरळच विचारलं, "काकांनी तर समदं माझ्यापेक्षा चांगलं केलं. मग मी कसा ऱ्हायलो?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं वय कमी होतं. तुमची गाठ काढता येण्यासारखी होती, त्यांची नव्हती. तुमच्यात तो जीन बंद होता, त्यांच्यात चालू होता. यातलं काहीच तुम्ही मिळवलेलं नाही, आणि त्यांनी गमावलेलंही नाही. उपचार पूर्ण केले, एवढं मात्र दोघांनीही केलं. शिस्तीमुळं त्यांचे ते महिने चांगले गेले, ते वाया गेले असं म्हणू नका."

हे मला डोक्यानं कळलं. मनाला कळायला वेळ लागला.

यंदा हिवाळ्यात मी आणि सुरेखा पाटणला गेलो. कराडला बस बदलली. पुढं काकांच्या गावापर्यंत जीप. घर जवळ आलं तसा मी मागं रेंगाळायला लागलो. जिवंत माणसानं या घरात कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटत होतं. सुरेखाच पुढं झाली.

काकी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या डोक्यावर, जिथं टाके होते तिथं, हात फिरवला. "केस आलं की रं," म्हणाल्या.

मला बोलता येईना. या वेळी शब्द आजारानं थांबले नव्हते. शेवटी मी म्हणालो, "काकी, ते असायला पायजे हुतं."

काकींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग म्हणाल्या, "आरं लेकरा, त्यांच्या वाटणीचं तू घेतलंस व्हय? तुजं दुखणं येगळं हुतं, त्यांचं येगळं. डाक्टरबाईनं मलाबी समदं सांगितलंय. लय चांगलं गेलं ते. शेवटच्या दिसापतुर मला हाताला धरून अंगणात आणायचं." त्यांनी सुरेखाकडं बघितलं. "ही बाय किती वाळलीया बग. ह्यापुढं तिला हसत ठेव. तेवढं कर."

सुरेखानं डोळे पुसले आणि लगेच पावट्याची पाटी स्वतःकडं ओढून घेतली.

या आजारात पुढं काय, ते मला माहीत आहे. तो बहुतेक वेळा परत येतो. पुढचा स्कॅन जवळ आला आहे, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात माझी झोप कमी होते. पण कुणाला किती मिळालं याचा हिशेब मांडत बसणं मी सोडलं. वय, गाठीची जागा, तिचा स्वभाव, हे आपल्या हातातलं नाही. वेळेवर जाणं, चांगले डॉक्टर, उपचार पूर्ण करणं, आणि शेजारी बसून "आमच्यात असंच म्हणत्यात" असं हक्कानं सांगणारं माणूस, हे मला मिळालं. तुम्हालाही मिळो.

त्या दिवशी काकींनी चुलीपुढंच पानं मांडली. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि ठेचा. काकी वाढत होत्या, सुरेखा त्यांना त्यांच्या लेकीबद्दल काहीतरी विचारत होती आणि दोघी हसत होत्या. मी कुणाच्या बोलण्यात पडलो नाही. जेवत राहिलो. भाकरी संपली, तशी लाज न धरता दुसरी मागून घेतली.